लाल दलदल, निळा नकाशा

दक्षिण इराकमध्ये टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठी पसरलेल्या दलदलींची दोन उपग्रहचित्रे पर्यावरणावरील लेखनात शेजारी-शेजारी छापलेली आढळतात. एक १९७३-७६ मधले, दुसरे २००० सालचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००१ मध्ये ती पुढे आणली आणि सुमारे नव्वद टक्के दलदल नष्ट झाल्याचे जगाला कळले. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने बांध घालून व कालवे खणून पाणी वळवले होते. तेथे जाऊन मोजमाप करणे अशक्य असताना उपग्रहाने दिलेली ही साक्ष मोलाची होती. आमची तक्रार आहे ती या चित्रांच्या पुढच्या वाचनाबद्दल.

जुन्या चित्रात दलदल गडद लाल दिसते. वर्गात हे चित्र दाखवले की एखादा तरी विद्यार्थी विचारतो, पाणी लाल कसे? प्रश्न अगदी रास्त आहे, कारण ते पाणी नव्हेच. हिरवी पाने निकट-अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात आणि अशा चित्रांत त्या किरणांना लाल रंग देण्याची पद्धत आहे. पाणी हे किरण शोषून घेते व काळे दिसते. म्हणजे त्या चित्रांत ठळकपणे दिसले ते बोरूसारखे उंच गवत.

२००३ मध्ये राजवट कोसळल्यावर स्थानिक लोकांनी बांध फोडले आणि पाणी परतले. ते टिकते आहे का, हे पाहण्यासाठी युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला जागतिक भूपृष्ठजलाचा नकाशा हाताशी असतो. लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या सुमारे तीस लाख चित्रांवरून तो सिद्ध झाला. काम थक्क करणारे आहे. पाणी घटले तेथे तांबडा रंग, वाढले तेथे हिरवा. पण हा नकाशा आकाशाला उघडे असलेले पाणीच मोजतो. त्याच्या कर्त्यांनीच हे सांगितले आहे. उजाड जमिनीवर नव्याने पाणी आले की ते मोकळे दिसते. पुढे गवत माजले, त्याने पाणी झाकले, की नकाशाच्या हिशेबी पाणी घटले! दलदल सुधारल्याची खूण तोट्याच्या खात्यात जाते. उलट आटत आटत खारट झालेले, म्हशीही तोंड लावणार नाहीत असे पाणी जमेच्या बाजूला राहते. गवताचे चित्र आणि मोकळ्या पाण्याचा नकाशा यांची वजाबाकी करणे म्हणजे शेरातून मीटर वजा करणे होय.

महिन्याचेही तसेच. तुर्कस्तानच्या डोंगरांतले बर्फ वितळले की वसंतात येथे पाणी चढते आणि उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांपर्यंत जाऊन ते ओसरते. एप्रिलचे चित्र ऑक्टोबरच्या चित्राशेजारी ठेवले तर कोणतीही दलदल मरणपंथाला लागलेली दाखवता येईल.

यात हकनाक भरडला जातो तो म्हशी पाळणारा दलदलवासी. २०२१ नंतरच्या दुष्काळी वर्षांत अनेकांची जनावरे दगावली, कुटुंबे शहरांकडे गेली. हा तोटा खरा होता. पण पाणी उन्हाने उडाले, गवताने पानांवाटे सोडले, की तुर्कस्तानातील इलिसू आणि इराणमधील कर्खे यांसारख्या धरणांनी वरच अडवले? चित्रातला आकसलेला डाग हे सांगत नाही, आणि पाण्याचा हक्क मागताना नेमके हेच विचारले जाते. त्यासाठी नदीतून आत येणारे पाणी रोज मोजावे लागते.

गवताखालचे पाणी ओळखण्याचा मार्ग आहे. लांब तरंगलांबीच्या रडारलहरी गवतातून आत शिरतात, पाण्यावर व देठांवर आपटून जोरात परततात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या निसार या भारत-अमेरिका उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचे असे रडार आहे आणि ते दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जाते. खारटपणा मात्र त्याच्या चित्रावरूनही वाचता येणार नाही. त्यासाठी होडीतून आत जाऊन पाण्याची बाटली भरून आणावी लागते.