खांद्यावरचा वेताळ

परदेशी गोष्टींतले उडते प्राणी मोठे सोयीचे असतात. मिखाएल एन्डे या जर्मन लेखकाच्या १९७९ सालच्या कादंबरीत फुखुर नावाचा एक मायाळू ड्रॅगन आहे. तो शूर पोराला पाठीवर घेऊन आकाशातून हिंडवतो. आपल्याकडे रीत उलटी. आपला उडता प्राणी म्हणजे वेताळ. त्यालाच राजाने खांद्यावर घेऊन चालायचे, आणि तेही प्रेतासकट!

हा वेताळ सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तला, म्हणजे अकराव्या शतकातला. मराठीत त्याला सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली आणले. पण घराघरांत पोचवला तो 'चांदोबा'ने. शंकर यांचे ते चित्र आठवा : हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि राजाच्या चेहऱ्यावर जराही कंटाळा नाही.

वेताळ भयंकर आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एस. टी.ने फारसा प्रवास केलेला नसावा. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना वारंगा फाटा लागतो. एक रस्ता कळमनुरीकडे जातो, दुसरा हदगावकडे. गाडी थांबते, मंडळी गरम खिचडीवर तुटून पडतात आणि शेजारचा अनोळखी गृहस्थ "कोणतं गाव तुमचं?" पासून सुरुवात करून पुतण्याच्या मोडलेल्या सोयरिकीपर्यंत येतो. शेवटी विचारतो, "आता तुम्हीच सांगा साहेब, चुकलं कोणाचं?" झाले! बोलावे तर वाद, न बोलावे तर आपण शिष्ट. वेताळाच्या प्रत्येक गोष्टीला असाच फाटा फुटतो. ठाऊक असून गप्प बसाल तर डोक्याची शकले. बोलाल तर स्वारी भुर्रकन पुन्हा झाडावर.

पण ध्यानात घ्या, तो एकदाही राजाचे डोके फोडत नाही. त्याची धमकी अडाण्याला नाहीच. सगळे कळत असून तोंड न उघडणाऱ्या शहाण्याला आहे. चोविसाव्या गोष्टीतल्या नात्यांच्या गुंत्यापुढे राजा खरोखरच निरुत्तर होतो, तेव्हा वेताळ रागावत नाही; उलट प्रसन्न होतो. मग गुपित सांगतो : ज्या भिक्षूसाठी तू हे ओझे वाहतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला जमत नाही, आधी करून दाखवा. तसेच होते. भिक्षू आडवा होतो आणि राजा वाचतो. इतक्या रात्री मानगुटीवर बसलेला, तोच खरा हितचिंतक निघतो!

माझी तक्रार आहे ती इथे. 'चांदोबा'ला ही खांद्यावरची जोडी इतकी मानवली, की मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्या तरी नव्या येतच राहिल्या. १९८५ साली रामानंद सागरांच्या मालिकेने वेताळाला दूरदर्शनवर आणले, तेव्हाही पोरांच्या तोंडी राहिले ते त्याचे उडून जाणेच. गोष्टींची मजा होतीच, नाही कोण म्हणतो? पण राजाच्या फेऱ्या आम्हां सगळ्यांना पाठ, आणि वेताळाने त्याचा जीव वाचवला, हे कित्येकांच्या गावीही नाही. शेवट गेला, तसा वेताळाचा मायाळूपणाही गेला. उरले ते नुसते भूत.

'चांदोबा' बंद पडला त्यालाही आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा पोरांना सांगायचे काम आपल्याकडेच आले. मधल्या दहाबारा गोष्टी गाळल्यात तरी चालेल. शेवटची मात्र गाळू नका.