सप्टेंबरबाहेरचा सह्याद्री

गणपतीच्या आगेमागे कास पठाराचा हंगाम भरात येतो आणि महाराष्ट्रातल्या निसर्गछायाचित्रणाचा बहुतेक सगळा उत्साह त्या चार-पाच आठवड्यांत खर्ची पडतो. सह्याद्रीवरची प्रदर्शनं पाहिली, दिनदर्शिका चाळल्या, की तीच ती चित्रं पुन्हा भेटतात. पुढे तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि मागे धुकं, कोकणकड्यावर सोनकीची पिवळी कड, नाणेघाटात वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा. यातली कित्येक चित्रं तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतात, त्यांमागे पहाटे उठण्याचे आणि भिजण्याचे कष्टही असतात. तरीही ही कला आज एका जागी अडकून पडली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ऋतू हा आपला विषय असं ती म्हणते, पण एकच जागा वर्षभर, वर्षानुवर्षं पाहत राहण्याचं काम फार थोड्यांनी अंगावर घेतलं.

इथवर ती कशी आली हे पाहायला हवं. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. अभ्यासकांना तो आजही लागतो, पण सामान्य भटक्याच्या हाती त्यातून फूल लागत नसे. ती अडचण दूर केली छायाचित्रांनी. आयझॅक किहीमकर यांचं भारतीय रानफुलांवरचं पुस्तक २००० साली आलं आणि लगेच पुढच्या वर्षी श्रीकांत इंगळहळीकर यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’. इंगळहळीकर पेशानं अभियंता. गडावर जाणाऱ्या पोरांच्या पाठपिशवीत अशी पुस्तकं जाऊ लागली आणि ‘कसलंसं पिवळं फूल’ म्हणणारे लोक सोनकी, कवला, हरणा अशी नावं घेऊ लागले. हे ऋण मोठं आहे. फक्त ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या चित्राची एक शिस्त असते: फूल मधोमध, पान दिसलं पाहिजे, पार्श्वभूमी शांत. गरज संपल्यावरही ती शिस्त तशीच राहिली. दुसरीकडे रुंद भिंगानं निसर्गदृश्यं टिपणाऱ्यांनी फुलांचा उपयोग रंगापुरता केला. एका वाटेवर फुलाची जमीन सुटली, दुसऱ्या वाटेवर जमिनीतली फुलं कुठली हे कळेनासं झालं.

दोन्ही एकत्र धरलं तर काय हाती येतं, हे सीतेची आसवं या फुलांच्या एका पट्ट्यावरून सांगतो. कासवर जांभ्याच्या कातळावर माती कुठे दोन बोटं, कुठे वीतभर. जिथे ती अगदी पातळ आणि पाणी साचून राहिलेलं, तिथे निळ्या-जांभळ्या आसवांची दाटी होते आणि मधूनमधून गेंदाची पांढरी बोंडं दिसतात. माती थोडी खोल झाली की तेरडा आणि गवत सुरू होतं. दुरून दिसणारे रंगांचे पट्टे म्हणजे मातीच्या खोलीचा आणि पाण्याचा नकाशाच. आता पोटावर झोपून भिंग त्या नखाएवढ्या फुलाजवळ न्यावं. खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या आहेत, त्या क्षणात सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, कारण या मातीत नत्र जवळजवळ नाही. फूल, त्याखालचा पाण्याचा सायीसारखा पापुद्रा, बाजूला उघडा पडलेला तांबूस-काळा जांभा आणि दहा हातांवर बदललेला रंग, एवढं सगळं एका चौकटीत बसवता येतं. असं चित्र पाहणाऱ्याला ही फुलं इथेच का, हे न सांगता कळतं. पण अशी चित्रं मला क्वचित दिसतात.

रंगाबद्दलही बोललं पाहिजे. स्लाइड फिल्मच्या काळात काही निळी फुलं चित्रात गुलाबीकडे झुकत, कारण डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश ती परावर्तित करत आणि फिल्म तो थोडाबहुत टिपत असे. तो दोष साधनाचा होता. आजचा दोष हाताचा आहे. संगणकावर जांभळा रंग इतका चढवतात की पाकळीवरच्या शिरा आणि पोत नाहीसे होऊन सपाट डाग उरतो. मे-अखेरीस काजव्यांच्या चित्रांचं असंच झालंय. राजमाची किंवा भंडारदऱ्याच्या झाडांवर शेकडो वेळा टिपलेला प्रकाश एकावर एक चढवून एकच चित्र करतात. तंत्र म्हणून त्याला माझी हरकत नाही. ते किती मिनिटांचं चित्र आहे हे शेजारी लिहीत नाहीत, याला मात्र सक्त हरकत आहे. त्या चित्रावर विसंबून गेलेला माणूस खरं रान पाहून निराश होतो, आणि खरं रान काही कमी सुंदर नसतं.

चौकटीबाहेर काय ठेवलं जातं, हा आणखी गंभीर भाग. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. तिथली फुलांची चित्रं बहुधा अशा कोनातून घेतलेली असतात की एक पातंही दिसू नये. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास होतं. त्यानंतर गर्दी वाढली. कुंपण आलं, गुरं चरायची थांबल्यानं गवत माजून फुलं मागे हटतात का, यावर वाद झाला. हा वाद चित्रांनी सोडवता आला असता. एकाच दगडावर उभं राहून, एकाच दिशेला, कुंपणाआधी आणि कुंपणानंतर दर पंधरवड्याला घेतलेलं एक छायाचित्र पुरावा म्हणून पुरेसं बोललं असतं. फुलांची लाखो चित्रं निघाली, पण अशी मालिका चर्चेत कुठे दिसली नाही.

अमेरिकेत एलियट पोर्टरनं १९६२च्या आपल्या पुस्तकात जंगलाची चित्रं ऋतूंच्या क्रमानं लावली आणि बहराइतकीच जागा गळलेल्या पानांना दिली. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बाराही महिने शब्दांत पकडले. कॅमेऱ्यातून ते काम अजून व्हायचं आहे. मे महिन्यातला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पाहा: तापलेला काळपट जांभा, त्यावर दगडफुलाचे राखाडी वेढे, भेगांमध्ये वाळलेलं शेवाळ आणि त्याखाली दडलेले कंद. पहिल्या सरींनंतर आठवड्याभरात पांढरी मुसळी आणि सापकांदा वर येतात. तेव्हा सड्यावर गर्दी नसते आणि छायाचित्रकारही नसतात. दसऱ्यानंतर गवत सोनेरी होतं, मग करडं, मग एखाद्या दुपारी वणवा त्यावरून फिरतो. फेब्रुवारीत घाटात पळस-पांगारा पेटतात तेव्हा महाबळेश्वरच्या बाजूला अंजनीच्या काटक्यांना निळे झुबके येतात. पळसाची चित्रं हजारो आहेत, अंजनीची शोधावी लागतात.

कारवी तर सहनशीलतेची परीक्षाच. सात-आठ वर्षांनी एकदा ती डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि त्या वर्षी सगळे तिथे पोचतात. पुढचं कोणी टिपत नाही. फुलून झालं की झुडूप मरतं, बोंडं वाळून काटक्यांवर तशीच राहतात, दुसऱ्या पावसाच्या पहिल्या सरींत ती तडतड फुटून बिया उडवतात आणि खालून नवी पिढी एकाच वयाची उगवते. वाळलेल्या कारवीचे कूड करून, वर शेण-माती लिंपून डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर भिंती उभ्या राहतात. बी, झुडूप, बहर, मरण आणि भिंत असा सगळा फेरा एखाद्या तरुण छायाचित्रकारानं हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोणतंही बक्षीस त्यापुढे लहान ठरेल.

ठिकाण सांगण्याचा प्रश्न नाजूक आहे. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींचा नेमका पत्ता चित्रासोबत देऊ नये, कारण कंद उकरून नेणारे हात त्यामागोमाग येतात. पण तारीख लपवण्याचं काही कारण नाही. ‘सह्याद्री, पावसाळा’ एवढ्यावर भागवणं हा निव्वळ आळस आहे.

आणि सगळ्यात तातडीची जागा कासला नाही, खाली कोकणात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांची चित्रं कोरड्या, झाडून साफ केलेल्या कातळाची आणि बहुधा आकाशातून घेतलेली असतात. त्याच कातळावर जूनमध्ये कोकण दीपकाडीची पांढरी फुलं थोडेच दिवस येऊन जातात, पुढे श्रावणात आसवं आणि गेंद. कागदोपत्री मात्र ही जमीन पडीक. चिऱ्याच्या खाणी आणि सुरुंग लावून केलेल्या आमराया तिच्यावर रोज पुढे सरकताहेत. खाणींच्या पर्यावरण अहवालासाठी मूळ माहिती सहसा एकाच हंगामात गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. म्हणजे सडा जेव्हा जिवंत दिसतो ते चार महिने कागदावर येतच नाहीत. जून ते सप्टेंबर, तारीखवार, सर्व्हे नंबरसकट घेतलेली छायाचित्रं जनसुनावणीत टेबलावर ठेवता येतील. त्यासाठी महागडं भिंग लागत नाही, पावसात त्याच सड्यावर पुन्हा जाणारा गावातला एखादा शिक्षक किंवा कॉलेजातली एखादी मुलगी पुरे आहे.