कूटचा वेढा आणि शिपायाचें आरोग्य : मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालाचें परीक्षण

लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल इ. स. १९१७ च्या जूनमध्यें प्रसिद्ध झाला, आणि पुढील महिन्यांतच भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं पदत्याग केला. त्यामुळें या ग्रंथाचा विचार बहुधा राजकारणाच्या अंगानेंच होत आला आहे. समुद्रापार धाडलेल्या फौजेच्या प्रकृतीवर नजर कोणीं ठेविली, आणि जें दिसलें तें कोणापर्यंत पोंचलें, या दृष्टीनें तो वाचला जावा अशी आमची इच्छा आहे. महाराष्ट्राचा या विषयाशीं निकट संबंध आहे. कारण सहाव्या पुणें डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कूट-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडल्या होत्या.

अहवालाचा मोठा गुण प्रथम सांगितला पाहिजे. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफनची लढाई सुरू झाली. तींतील जखमी नदीमार्गें बसऱ्यास आले. त्यांचें एक जहाज मेजर कार्टर या डॉक्टरांनीं पाहिलें. बाजूंस दोरखंड लोंबत आहेतसें त्यांस दुरून वाटलें. जवळ येतां ती वाळलेली विष्ठा निघाली. त्यांनीं तक्रार केली, तेव्हां वरिष्ठांनीं त्यांनाच धमकाविलें. इकडे जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याची तार मात्र गेली होती. ही साक्ष कमिशननें दडपली नाहीं.

परंतु तिचा अर्थ लावतांना कमिशन अपुरें पडलें, असें आमचें मत आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘युक्तसेनीय’ नांवाचा चौतिसावा अध्याय आहे. स्वारींत वैद्याचें ठाणें राजाच्या डेऱ्यालगत, ध्वजाप्रमाणें उठून दिसेल असें असावें, असा त्यांत निर्देश आहे. रोग्यास वैद्य सांपडावा हा त्याचा उघड हेतु. वैद्याचें म्हणणें राजाच्या कानीं मध्यस्थाविना जावें, हा दुसरा हेतु आम्ही त्यांत वाचतों. कमिशननें नौकांची, डॉक्टरांची, औषधांची उणीव दाखविली. पाहणाराचें तोंड बंद होण्याचा दोष मात्र दोघां-चौघां अधिकाऱ्यांच्या माथीं मारला. आमच्या मतें तो रचनेचाच दोष होता.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग शेवटीं, परिशिष्टांत आहे. वेढ्यांतील मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांनीं उपासमारीच्या परिणामांविषयीं केलेलें तें निवेदन होय. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत एका गांवांत जणूं दोन मुदपाकखाने चालत होते. गोऱ्या शिपायांस पांढऱ्या पिठाचा पाव व घोड्याचें मांस मिळे. त्यांस बेरीबेरी झाली. हिंदी शिपायांस आटा मिळे, पण मांस ते घेत नसत. त्यांस स्कर्व्ही झाली. पांढरें पीठ संपून गोऱ्यांनाही आटा व जवाचें पीठ मिळूं लागतांच त्यांची बेरीबेरी ओसरली. १९१७ सालीं लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम यांनीं फौजेच्या शिध्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. धान्याच्या अंकुरांत बेरीबेरीचा, आणि मोड आलेल्या कडधान्यांत स्कर्व्हीचा प्रतिबंध असल्याचें त्यांनीं दाखविलें. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. मुसळानें कांडलेल्या व गिरणींत पांढऱ्या केलेल्या तांदुळांतला भेद येथील वाचकांस समजावून देणें नको, आणि मोड आलेली मटकी तर घरोघरची. हें ज्ञान वेढ्याच्या वेळीं सर्वत्र रुजलेलें नव्हतें, म्हणून हेहिर यांस दोष देतां येत नाहीं. उलट, भुकेल्या छावणींतही त्यांनीं नोंद ठेविली, म्हणूनच पुढें हीं कारणें जोडतां आलीं.

घोड्याच्या मांसाविषयीं मात्र आमचा स्पष्ट मतभेद आहे. हिंदी शिपायांनीं एप्रिलपर्यंत तें बहुतांशीं नाकारलें, याचें खापर धर्मवेडावर फोडण्याचा प्रघात पडला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत क्षुधार्त वामदेव व विश्वामित्र यांचे दाखले देऊन प्राणसंकटीं निषिद्ध अन्नासही दोष नाहीं असें म्हटलें आहे. धर्माधिकाऱ्यांची अनुमतिही हिंदुस्थानांतून कळविण्यांत आली होती. तेव्हां शास्त्र आड आलें नाहीं. आड आला तो गांव. परतल्यावर पंगतींत कोण बसवील, आपल्या घराशीं सोयरीक कोण करील, ही ती धास्ती होती. ती ओळखावयास शिपायाच्या गांवाची माहिती हवी. कूटचे बहुतेक शिपाई तेव्हां तुर्कांच्या कैदेंत होते, म्हणून त्यांची साक्ष होणें कठीण होतें. परंतु कमिशनमध्यें एकही हिंदी सभासद नव्हता, याला ती सबब चालणार नाहीं. या शिपायांचीं शरीरें मोजलीं गेलीं, मन कोणीं विचारलें नाहीं.

अभ्यासकांनीं हा अहवाल परिशिष्टापासून वाचावयास घ्यावा, असें आम्ही सुचवितों. ज्यांच्या घरीं त्या मोहिमेवर गेलेल्या पूर्वजांचीं पत्रें, पेन्शनचे कागद वा नोकरीचे दाखले पेटींत पडून असतील, त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करतां जवळच्या संशोधन मंडळाकडे नकलेसाठीं द्यावेत. अहवालांत जी साक्ष नाहीं, ती मिळालीच तर त्या पेट्यांतून मिळेल.