लिस्पमधील नावाची चौकशी

‘हे नाव आधी ठरलेले आहे का?’ संगणकभाषेला विचारायचा हा प्रश्न साधा वाटतो. लिस्पच्या घराण्यात तो साधा नाही. आणि कॉमन लिस्पने त्याची लावलेली व्यवस्था मला सदोष वाटते.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. या भाषेत नाव, म्हणजे ‘सिम्बॉल’, ही स्वतंत्र वस्तू आहे. तिला किंमत असो वा नसो. १९९४ च्या अमेरिकी मानकात किंमत तपासायला ‘बाउंडपी’ आहे आणि फंक्शन तपासायला ‘एफबाउंडपी’. किंमत ‘निल’ असली तरी बाउंडपी ‘होय’ म्हणते. हे योग्यच आहे. रिकामे असणे वेगळे आणि नसणे वेगळे. पण ‘लेट’ने दिलेले स्थानिक नाव तिला दिसत नाही. एफबाउंडपी तर मॅक्रोलाही ‘होय’ म्हणते, जरी मॅक्रो फंक्शनसारखा हाती देता येत नाही.

खरा दोष पुढे आहे. मी हे सारे पुस्तकांवरून, एकट्याने शिकलो. एकदा तपासणीतच नावाचे एक अक्षर चुकले. ‘नाही’ असे उत्तर आले आणि दोन दिवस मी भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसलो. कारण नंतर कळले. प्रश्नातले नाव वाचतानाच लिस्प त्याची नोंद करून टाकते. घरात अमका राहतो का, असे विचारताच त्याच्या नावाची पाटी दारावर लागावी, तसे हे. पुढे तेच नाव दुसऱ्या पॅकेजमधून आणू पाहिले, तर ही पाटीच आडवी येते.

‘फाइंड-सिम्बॉल’ हा उपाय आहे. तिला नाव अवतरणात द्यायचे, म्हणजे नोंद होत नाही. मात्र तेथे नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहावे लागते, कारण एरवी वाचताना लिस्प अक्षरे मोठी करून घेते. नवशिक्या येथेही ठेचकाळतो.

१९७५ च्या स्कीमचा मार्ग वेगळा. तिच्या २०१३ च्या अहवालातही नाव बांधलेले आहे का, हे विचारणारी प्रक्रिया नाही. या मौनात शिस्त आहे, पण वापरणाऱ्याची अडचण तशीच राहते. रिच हिकी यांच्या २००७ च्या क्लोजरने मात्र प्रश्न दोन केले: ‘रिझॉल्व्ह’ नाव शोधते आणि नवी नोंद करत नाही, ‘बाउंड?’ त्याला किंमत आहे का ते सांगते.

मला हीच मांडणी सरस वाटते. चौकशीने वस्तुस्थिती बदलता कामा नये.