तुघलकाचें नाणें आणि केजचा बाजार

महंमद तुघलकाच्या पितळी-तांब्याच्या नाण्याची गोष्ट निघाली कीं हंसावयाचें, असा आमच्या इतिहासलेखकांचा प्रघात पडला आहे. ही हंसण्याची मुभा त्यांना 'तारीख-इ-फिरोजशाही'कार झियाउद्दीन बरनीनें दिली. 1329 नंतरच्या दोन-तीन वर्षांत घरोघरीं टांकसाळी निघाल्या व अखेरीस सुलतानास तीं नाणीं घेऊन खजिन्यांतून चांदी-सोनें मोजावें लागलें, असें तो लिहितो. हकीकत आम्हांस मान्य आहे. तीवरून काढलेला निष्कर्ष नाहीं. हलक्या धातूस भारी किंमत देणें हाच वेडेपणा, असें बरनीचे अनुयायी धरून चालतात.

ज्या बीड प्रांतांत या सुलतानाच्या पडलेल्या दांताची कबर म्हणून एक घुमट लोक अजून दाखवितात, तेथील केजच्या वाचकास तरी हें पटूं नये. 1948 पर्यंत केज निजामाच्या राज्यांत होतें. तेव्हां हाली व कलदार असे दोन रुपये चालत. सात हालींस सहा कलदार हा सरकारी भाव. आरंभीं तो दोहोंतील चांदीच्या वजनाशीं जवळजवळ जुळे. पुढें 1940 मध्यें इंग्रज सरकारनें कलदारांत निम्मीच चांदी ठेवली. 1947 मध्यें तीहि काढून निकेल घातलें. भाव मात्र सात-सहाचाच राहिला. मग तो कशावर उभा होता? चांदीवर खचित नव्हे.

तर तुघलक फसला कोठें? याचें उत्तर चीनच्या इतिहासांत सांपडतें. इ. स. 7 मध्यें वांग मांग या कारभाऱ्यानें जुन्या पांच 'चू' वजनाच्या कांस्य नाण्याशेजारीं बारा चूंचें नवें नाणें काढलें, आणि त्याचें मोल ठरविलें जुन्या पन्नास नाण्यांइतकें. धातु अडीचपटहि नाहीं, मोल पन्नासपट! जुनीं वितळवून नवीं ओतणाऱ्यास याहून मोठें आमंत्रण तें कोणतें? शिक्षा कडक होत्या. ओतणारे थांबले नाहींत. तुघलकाच्या नाण्यावर तर सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराचीच आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूर होता. धाक होता, परंतु चांगल्या तांबटास साधणार नाहीं असें कांहींच त्या ठशांत नव्हतें.

आणि तरीहि त्यानें नाणीं परत घेतलीं, खरें-खोटें न निवडतां घेतलीं. बरनीस यांत खजिन्याचें नुकसान तेवढें दिसतें. फर्मानावर विश्वासून ज्यानें धान्य विकलें आणि ज्याच्या हातीं पितळ उरलें, त्या दुकानदाराचा विचार त्याच्या लेखणीस शिवत नाहीं.