मारव्याची वेळ कुणाची?

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची यादी जाहीर झाली की पुण्यातल्या रसिकांत दरवर्षी ठरलेला वाद पेटतो. तीच तीच नावं आहेत. अमक्याला पुन्हा वगळलं. टीव्हीमुळे नाव झालेल्या गायकाला शनिवारची रात्र कशासाठी? किराणा घराण्याचा भरणा फार. वादन जास्त, गाणं कमी. आणि सगळ्यात जास्त तापतो तो शेवटच्या दिवसाचा प्रश्न : समारोप कोण करणार?

हा वाद मला मनापासून आवडतो. ख्यालगायकांच्या क्रमावरून जिथे माणसं हमरीतुमरीवर येतात, तिथे ख्याल अजून जिवंत आहे. पण इतक्या वर्षांच्या या भांडणात नावांचा कीस पडतो आणि घड्याळाचा विषय मागे राहतो. माझी तक्रार तिथे आहे. आज आपल्या महोत्सवांत कोण गातो यापेक्षा कोण किती वाजता आणि किती वेळ गातो, यानं रागसंगीताचं जास्त भलंबुरं होतं आहे.

शेवटच्या जागेला सवाईत एवढं वजन का आलं, हे आधी पाहिलं पाहिजे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, 1952 साली गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव पुण्यात सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने. तेव्हा तो रात्ररात्र चाले. शेवटच्या सत्रात, दिवस उजाडल्यावर, स्वतः भीमसेनजी बसत आणि उत्सव संपवत. त्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवरून ऐकवली जाई. म्हणजे शेवटची जागा हे शिष्यानं गुरूला केलेलं वंदन होतं. तिथे प्रसिद्धीचा किंवा ज्येष्ठतेचा हिशेब नव्हता. पुढे प्रभा अत्रे यांनी ती जागा सांभाळली. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकलेल्या प्रभाताई त्याच किराणा घराण्याच्या, म्हणून त्या जागेच्या हक्कदारच होत्या. 13 जानेवारी 2024 रोजी त्या गेल्या, आणि ‘शेवटी कोण’ या प्रश्नाला एकमुखी उत्तर उरलं नाही.

एकट्या त्याच गेल्या असंही नाही. किशोरी आमोणकर 2017 मध्ये गेल्या, जसराज 2020 मध्ये, शिवकुमार शर्मा 2022 मध्ये, मालिनी राजूरकर 2023 च्या सप्टेंबरात. प्रभाताईंच्या चारच दिवस आधी रशीद खान गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीर हुसेन. ज्यांचं नुसतं नाव वाचून लोक सीझन तिकीट काढत, अशी पिढीच सरली. आयोजकांची अडचण मला कळते. मांडव, ध्वनिव्यवस्था, प्रायोजक, हजारोंची बैठक, हे सगळं गर्दीवर उभं राहतं आणि गर्दी ओळखीच्या नावाला येते. म्हणून आज ज्याचं नाव मोठं त्याला सत्राची अखेर दिली जाते. नेमकी इथूनच रागांची गळती सुरू होते.

कारण सत्राची अखेर आता कायद्यानं बांधलेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती सवाईत शनिवारच्या वाट्याला येते. एरवी दुपारी तीनच्या सुमारास सुरू होणारं सत्र दहाला संपलंच पाहिजे. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मी नाकारत नाही. पण त्याची किंमत मोजून पाहा. ललत, भटियार, अहिर भैरव या मांडवातून हद्दपार झाले. दरबारी, अडाणा शनिवारी मिळाले तर मिळाले. उरले मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती, मग संधिप्रकाशाचे राग, आणि नंतर यमन, बिहाग, बागेश्री, जोग.

या उरलेल्या वेळेतही सर्वांत मोलाचा तास कोणता? डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाच ते सात ही मारवा, पूरिया, श्री, पूरियाधनाश्रीची वेळ. आणि तिथे कोण असतं? बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा कलाकार, पुष्कळदा तरुण, पन्नास मिनिटं हातात घेऊन आलेला. व्यंकटेश कुमार, उल्हास कशाळकर, अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या तोलाचा ज्येष्ठ गायक सत्राच्या शेवटी येणार हे गृहीत धरलेलं असतं. म्हणजे मानाची जागा दिली, त्याच क्षणी त्याच्याकडून श्री आणि मारवा काढून घेतला. साडेआठला तो यमन, बिहाग किंवा जोग गाणार. उत्तम गाणार. पण श्रोत्यांच्या एका पिढीनं समर्थ, पिकल्या गळ्यातला मारवा समोर बसून ऐकलेलाच नाही, याला मी मोठं नुकसान म्हणतो.

मारव्याचं उदाहरण मुद्दाम घेतो. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज असूनही गायक त्याच्यावर टेकत नाही. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावतात. मग रिषभ आणि धैवत यांच्यात तो येरझारा घालतो, षड्जाच्या जवळ येतो आणि वळून जातो. ऐकणाऱ्याला घराच्या दारापर्यंत नेऊन आत न सोडल्यासारखी ही अवस्था आहे. ती निर्माण व्हायला वेळ लागतो. षड्जाची ओढ आधी मनात साठावी लागते, तरच अर्ध्या तासानं तो खरोखर लागला की सगळा मांडव एकदम श्वास सोडतो. याच स्वरांचा पूरिया गंधार-निषादावर, मंद्रात उतरून बसतो. याच स्वरांची सोहनी तार सप्तकात चमकते. तिची वेळ उत्तररात्रीची, तेव्हा तिचा प्रश्नच मिटला.

आता पन्नास मिनिटांत यातलं काय होतं ते पाहा. पहिली पाच-सात मिनिटं माईक आणि तानपुरे जुळवण्यात जातात. विलंबित एकतालाला वीस-बावीस मिनिटं. त्यातली बढत मध्य सप्तकातल्या धैवतापाशी पोचते न पोचते, तोवर घड्याळाकडे नजर जाते आणि सरगम सुरू होते. पुढे दहा मिनिटांची द्रुत बंदिश, तराण्यात तबल्याशी सवालजबाब, टाळ्या. उरलेल्या वेळात अभंग किंवा नाट्यगीत, कारण फर्माईश आलेली असते. तरुण गायकाला मी दोष देत नाही. सवाईला गायलो, ही त्याच्या आयुष्यातली मोठी नोंद असते. पन्नास मिनिटांत छाप पाडायची तर तो तानाच आधी काढणार. पण या साच्याला अनुसरून आता रियाज होऊ लागला आहे, हे मला जास्त काळजीचं वाटतं. दमदार तान, चपळ सरगम, तिहाया चोख असलेले गळे मुबलक आहेत. एका स्वरावर थांबून त्याला वजन देणारे कमी होत चालले आहेत.

हे सगळीकडे असंच आहे असं नाही. कोलकात्याची डोव्हर लेन परिषद आजही रात्रभर चालते, कारण ती बंदिस्त सभागृहात होते आणि तिथे नियमात मोकळीक आहे. अहमदाबादचं सप्तक 1 जानेवारीपासून तेरा दिवस चालतं. एवढ्या दिवसांत नवख्यांना आणि जुन्यांना आपापली जागा मिळते. पुण्यात सभागृहांची वाण नाही. सवाईच्या पाच दिवसांपैकी एका पहाटेचं सत्र बंदिस्त नाट्यगृहात ठेवता येईल. जागा कमी पडतील हे खरं, पण तोडी आणि ललत परत येतील.

आणि फ्यूजनबद्दल? त्यावरची चिडचिड मला वरवरची वाटते. एखादा जोडप्रयोग पाऊण तास चालला म्हणून ख्याल बुडत नाही. तीच तीच नावं येण्याच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. पण मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्या गवयालाही व्यापक मान उतारवयात मिळाला, हे विसरू नये. मोठं नाव तयार व्हायला वर्षानुवर्षं भरपूर वेळ देणारं व्यासपीठ लागतं. दिवसाला पाच कलाकार बसवण्याऐवजी तीनच बसवले, तर ते व्यासपीठ मिळेल.

माझं मागणं साधं आहे. दर दिवशी सूर्यास्ताची वेळ सत्रातल्या सर्वांत समर्थ गायकाला द्यावी आणि त्याला दीड तास द्यावा. अखेरची जागा फिरती ठेवावी. समारोप किराण्याच्या गळ्यातून व्हावा ही प्रथा जपावी. पण तो मान अमुक एका प्रसिद्ध नावालाच हवा, हा आग्रह सोडावा. आणि श्रोत्यांनो, यंदा यादी हातात आली की नावांखालची वेळही वाचा. साडेपाचला कोण आहे ते आधी पाहा, त्या वेळी खाद्यपदार्थांच्या रांगेत उभे राहू नका, आणि तिथे पन्नासच मिनिटं दिलेली दिसली तर आयोजकांना तसं लिहून कळवा.