मारधाडपटांचे डबिंग आणि मराठी संवाद

परकीय मारधाडपट छत्रपती संभाजीनगरच्या सामान्य प्रेक्षकास का रुचतात, या प्रश्नाला एक ठरीव उत्तर दिले जाते : पाठलाग, हाणामारी व स्फोट यांना भाषा लागत नाही. हे उत्तर जितके सोयीचे तितकेच अपुरे आहे. ते खरे असते तर या चित्रपटांना डबिंगची गरजच पडती ना. ब्रूस लीच्या चित्रपटांचे वेड हे केवळ देहाच्या चपळाईवर पोसले, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीतून आला आणि त्याच्या यशानंतर हॉलिवुडच्या निर्मात्यांनी या देशात डबिंगची वाट धरली, ती काही उगीच नव्हे. डायनासोर पाहावयास भाषा लागत नसेल. त्याच्यापुढे उभी असलेली माणसे काय बोलतात, हे मात्र प्रेक्षकाला कळावयास हवे होते.

या शहराला हिंदी परकी नाही. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते, आणि येथील दखनी तर मराठीच्या शेजारानेच घडली; तिच्यातील ‘नक्को’ हा आपल्याच ‘नको’चा भाऊ. पण पडद्यावरचा परकीय नायक जी हिंदी बोलतो ती ही नव्हे. ती मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात बेतलेली, कोणत्याही गावाची नसलेली भाषा आहे. घरी मराठी व बाजारात दखनी ऐकणारा तरुण शौर्याचे संवाद या तिसऱ्याच भाषेत ऐकतो.

तमिळनाडूत असे घडले नाही. २०१९ साली ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांतून आला. तमिळ संवाद ए. आर. मुरुगदास या नामांकित दिग्दर्शकाने लिहिले व ‘आयर्न मॅन’ला विजय सेतुपती यांनी आवाज दिला. तो आवाज अनेक प्रेक्षकांना मुळीच पसंत पडला नाही, आणि त्यांनी तसे उघड बोलून दाखविले. ही नापसंतीच येथे महत्त्वाची आहे. ज्याला भाषेशी कर्तव्य नाही तो आवाजावरून भांडत नाही.

मराठीत ही कसोटी क्वचितच लागते. तिचे स्वरूप एका सर्वनामावरून ध्यानात येईल. इंग्रजीतील एकाच मध्यमपुरुषी सर्वनामाचे हिंदीत ‘तू’, ‘तुम’ व ‘आप’ होतात. बरोबरीच्या दोन योद्ध्यांना ‘तुम’ बेताचे बसते. मराठीत ती मधली पायरी नाही. ‘तू’ म्हणावे तर सलगी किंवा अपमान होतो, ‘तुम्ही’ म्हणावे तर आदर होतो. खलनायकाने नायकाला प्रथमभेटीत ‘तुम्ही’ म्हणावे, आणि नेमक्या कोणत्या वाक्यात ‘तू’वर यावे, हा निर्णय अनुवादकाला घ्यावाच लागतो, तो घेतला की परकीय पात्राचा स्वभाव मराठी होऊ लागतो. येथे मराठीच्या उणिवेकडे बोट दाखविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की चालू तमिळमध्येही ‘नी’ व ‘नींगळ’ अशा दोनच पायऱ्या आहेत. शिवाय, शेक्सपिअरचा हॅम्लेट आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त आणि ऑथेल्लो देवलांच्या ‘झुंझाररावा’त एकोणिसाव्या शतकातच मराठी बोलला होता.

मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, मग वेगळा खर्च कशास, हा व्यापाऱ्याचा हिशेब समजण्याजोगा आहे. तथापि २०२३ साली ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांतून प्रदर्शित झाला व त्यांत मराठीही होती. तो चित्रांकित चित्रपट असल्याने हाडामांसाच्या नटांच्या ओठांशी शब्द जुळविण्याचा जाच त्यात तितकासा नाही. जिवंत नटांच्या मारधाडपटात, जेथे ओठ मिटताच ‘प’, ‘ब’ वा ‘म’ ऐकू यावा लागतो आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलणारी मराठी संवादलेखकाची पुरती दमछाक करते, तेथील काम अद्याप बव्हंशी व्हावयाचे आहे.